प्राणवायू: घडवणारा आणि मोडणारा

अमेरिकेतील फिलिप्स पेट्रोलियमच्या एडमंड्स आणि हिल या रसायनज्ञांना १९६७ साली पॉलिफेनिलीन सल्फाइडच्या निर्मितिपद्धतीचे पेटंट मिळाले. बेंझिनची वलये गंधकाच्या अणूंनी जोडलेले हे पॉलिमर सुमारे २८५ अंश सेल्सिअसला वितळते. आरंभीच्या पदार्थाच्या साखळ्या मात्र आखूड होत्या. वितळल्यावर तो साच्यासाठी फार पातळ होई. त्याची पूड हवेत तापवली, की प्राणवायूमुळे साखळ्या एकमेकींत गुंफल्या जात आणि पदार्थ कणखर होई. १९७० च्या दशकातील उत्पादन याच क्रियेवर उभे राहिले.

कारखान्यात इष्ट असलेली ही क्रिया वापरात घातक ठरते. या पॉलिमरच्या तंतूंपासून केलेल्या गाळणपिशव्या कोळशाच्या बॉयलरमधील राख अडवतात. तेथील उष्णतेत गंधकाशी प्राणवायूचा संयोग होऊन सल्फॉक्साइड व सल्फोन बनतात, कार्बन-गंधक बंध तुटतात, गुंफण वाढत जाते. तंतू काळपट व ठिसूळ होतात. पिशवी फाटली, की राख हवेत जाते.

डिसेंबर २०१५ मध्ये भारताने औष्णिक वीजकेंद्रांसाठीची धूलिकणांची मर्यादा कडक केली. २०१७ पासूनच्या नव्या केंद्रांसाठी ती घनमीटरला ३० मिलिग्रॅम आहे. अशा पिशव्या वापरणाऱ्या केंद्रांत म्हणूनच वायूचे तापमान आणि प्राणवायूचे प्रमाण राखणे हाही प्रदूषण-नियंत्रणाचाच भाग ठरतो.