ट्रॉम्बे परिसरातील रोहित पक्ष्यांची गणना : क्षेत्रपथके व त्यांवरील देखरेख यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील वन्यजीव संवर्धनाचा इतिहास प्रामुख्याने कायदे, अभयारण्यांच्या अधिसूचना आणि नामवंत निसर्गअभ्यासकांची चरित्रे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. ज्या आकड्यांच्या बळावर या अधिसूचना निघाल्या, ते आकडे कोणी गोळा केले व गोळा करणाऱ्यांवर देखरेख कोणाची होती, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. ट्रॉम्बे, माहुल व शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. रोहित हा मुंबईचा पाहुणा मानला जातो. त्याचे भारतातील प्रमुख विणीचे स्थान कच्छच्या रणात, म्हणजे खाऱ्या वाळवंटात आहे. त्यामुळे त्याच्या गणनेचा इतिहासही रणापासूनच सुरू होतो.

रणातील गणना :
कच्छच्या मोठ्या रणातील रोहितांच्या विणीची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात महाराव खेंगारजी यांच्यामुळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली. सोसायटीची स्थापना १८८३ मधील. पुढे १९४५ मध्ये डॉ. सालिम अली उंटांच्या साहाय्याने या वसाहतीपर्यंत पोहोचले आणि घरट्यांच्या आधारे त्यांनी तेथे सुमारे पाच लाख पक्षी असल्याचा अंदाज वर्तविला. या आकड्यामागील परिस्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. विणीचा पक्षी घरट्याला बांधलेला असतो. मातीचे घरटे जागचे हलत नाही. ते मोजता येते व पुन्हा जाऊन तपासताही येते. अशा ठिकाणी एक अनुभवी निरीक्षक आणि वाट दाखविणारी माणसे एवढे बळ पुरेसे ठरू शकते.

खाडीतील अडचण :
खाडीत यातील काहीच लागू पडत नाही. मुंबईच्या चिखलपट्ट्यांवर रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकात. येथे ते अन्नासाठी येतात; लहान रोहित नील-हरित शैवालावर, तर मोठा रोहित प्रामुख्याने सूक्ष्म जलचरांवर जगतो. ओहोटीला थवे दूरवर पांगतात, भरतीला मोजक्या जागी गोळा होतात, आणि मधल्या काळात शिवडीचा थवा माहुलला किंवा खाडीच्या वरच्या अंगाला सरकतो. एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा संभव म्हणूनच मोठा असतो. एकाच वेळी अनेक ठिकाणी पथके उभी करणे हा त्यावरील उपाय आणि येथेच पथकप्रमुखाचे काम सुरू होते.

हे काम बाहेरून दिसते त्याहून अधिक गुंतागुंतीचे आहे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे गणनेचा दिवस कार्यालयीन सोयीने ठरविता येत नाही. उधाणाच्या दिवशी चिखलपट्टा झपाट्याने पाण्याखाली जातो, तर भांगाच्या दिवशी थवे पुरेसे जवळ येत नाहीत. होडी फार आत नेली तर थवा उडतो व शेजारच्या पथकाची गणना बिघडते. फार बाहेर ठेवली तर लहान व मोठा रोहित वेगळे ओळखता येत नाहीत. हजारोंच्या थव्यात एकेक पक्षी मोजणे अशक्य असल्याने पन्नास किंवा शंभर पक्ष्यांचा गट नजरेत बसवून त्या मापाने थवा मोजला जातो. हे माप प्रत्येकाच्या नजरेत थोडे निराळे बसते. नवख्या निरीक्षकांना अनुभवी निरीक्षकाबरोबर एकच थवा स्वतंत्रपणे मोजायला लावणे आणि दोन्ही आकडे ताडून पाहणे, ही देखरेखीतील सर्वांत कंटाळवाणी, पण बहुधा सर्वांत मोलाची बाब होय. ज्या ठिकाणी एकही पक्षी दिसला नाही तेथे शून्य लिहिणे हेही तितकेच आवश्यक. कोरा रकाना व शून्य यांतील भेद पथकाला समजला नसेल, तर पुढील वर्षांच्या तुलनेला अर्थ उरत नाही.

ट्रॉम्बेची स्थिती आणखी वेगळी आहे. येथे १९५४ मध्ये अणुशक्ती संस्था स्थापन झाली व १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. सुरक्षेच्या कारणास्तव किनाऱ्याच्या मोठ्या भागावर जमिनीवरून प्रवेश नाही. माहुलकडील भाग तेलशुद्धीकरण कारखान्यांनी वेढलेला आहे. अशा किनाऱ्याची पाहणी पाण्यातूनच शक्य होते आणि होडी कोठे रुतेल, कोठून परतावे हे कोळी तांडेलालाच ठाऊक असते. त्याचे हे ज्ञान गणनेच्या तक्त्यातील कोणत्याही रकान्यात बसत नाही.

आकडे व सीमा :
माहुल-शिवडी खाडीला २००४ मध्ये महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत स्थान मिळाले. २०१५ मध्ये ठाणे खाडी रोहित अभयारण्य अधिसूचित झाले. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा प्राप्त झाला. तथापि अभयारण्याची हद्द ऐरोली व वाशी पुलांच्या दरम्यान आहे. ट्रॉम्बे, माहुल व शिवडीचे चिखलपट्टे तिच्या दक्षिणेस, हद्दीबाहेर राहतात. शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा व १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला सागरी सेतू याच पट्ट्यातून जातो. संरक्षणाची रेषा नसलेल्या ठिकाणी गणनेचा आकडा हाच पक्ष्यांच्या बाजूचा जवळजवळ एकमेव पुरावा असतो. तो फुगविलेला निघाला तर विश्वासार्हता जाते आणि अपुरा असला तर अधिवासच किरकोळ ठरतो.

सोसायटीने राज्याच्या कांदळवन विभागाच्या सहकार्याने २०१८ पासून सलग गणना हाती घेतल्यावर एक लाखाहून अधिक रोहितांची नोंद झाली. २०२२ मध्ये सहा पक्ष्यांवर उपग्रहसंलग्न यंत्रे बसविण्यात आली. त्यांतील एकाला खेंगारजी हे नाव देण्यात आले होते. ही निवड इतिहासाची जाण दाखविते. यंत्रधारी पक्ष्यांपैकी काहींनी गुजरातची वाट धरल्याने रण व खाडी यांचा संबंध प्रत्यक्ष नोंदीने स्पष्ट झाला. मात्र यंत्र एका पक्ष्याचा मार्ग सांगते, थव्यातील संख्या सांगत नाही. ती आजही भरतीचे वेळापत्रक पाहून, तांडेलाला विचारून आणि दोन निरीक्षकांचे आकडे ताडूनच निश्चित करावी लागते.