कवडू, कचरू आणि धोंडू : आपल्या वाडवडिलांची नावे

ज्ञातिबांधवांच्या घरोघरी वंशावळ लिहून ठेवण्याचा उत्साह वाढला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यात एक खोड शिरली आहे. पणजोबा कवडू असता कोणी त्यांस ‘कुबेर’ करितो, कोणी कचरूजींचे ‘कांचन’ करितो. पूर्वजांची नावे लाजिरवाणी वाटावीत, याचे आम्हांस नवल वाटते.

ही नावे अडाणीपणाने ठेवलेली नव्हेत. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात हजारी दोनशेहून अधिक मुले पहिल्या वर्षातच दगावत. ज्या मातेची दोन-तीन अपत्ये गेली, तिचे पुढचे मूल दृष्टीपासून व मृत्यूपासून लपवावे कसे? ते टाकाऊ आहे असे भासवावे, हाच उपाय लोकांस सुचला. मूल सुपात घालून उकिरड्यावर नेत व तेथून उचलून आणीत. त्याचे नाव कचरू किंवा उकंड्या. शेजारणीस देऊन कवडीस विकत घेतले, तो कवडू. दमडीस घेतला, तो दमडू. मुलगी समजून मृत्यूने सोडावे म्हणून नाक टोचले, तो नथू. दगडाप्रमाणे टिकावा, तो दगडू वा धोंडू. महर्षी धोंडो केशव कर्वे यांस १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांच्या नावातला धोंडा कोणाच्या डोळ्यांत खुपला नाही!

ही रीत एकट्या भंडाऱ्याची वा एका ज्ञातीची नव्हे. पंजाबातील अशा नावांविषयी टेंपल यांनी १८८३ साली लिहिले. मध्यप्रांतातील नावांची नोंद रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. विचित्र नावे तर त्याहूनही प्राचीन. ऐतरेय ब्राह्मणातील अजीगर्त ऋषीच्या तिन्ही पुत्रांची नावे, शुनःपुच्छ, शुनःशेप व शुनोलांगूल, श्वानाच्या शेपटावरून आहेत. आणि त्यांतला शुनःशेप ऋग्वेदातील सूक्तांचा द्रष्टा मानला जातो.

काही नावे मात्र केवळ पंचांगाची. सोमा, मंगरू, बुधा, सुक्रू, शनिचर ही वारांवरून. चैतराम, श्रावण, भादू, फागू ही महिन्यांवरून. शेजारच्या छत्तीसगडातही ती आढळतात. दुष्काळात जन्मला तो दुकालू, सुकाळातला सुकालू. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांत होरपळला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे दुकालू हे नाव जन्मतिथीचेच काम करिते.

नाव बदलण्याचा व्यावहारिक तोटाही आहे. जात पडताळणीसाठी इतर मागास वर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा कोतवाल बुकात किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात सापडतो. कोतवाल बुकात पुष्कळदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा झाला’ एवढेच असते. तेथे बाप ‘कवडू’ आणि आपल्या वंशावळीत ‘कुबेर’, तर दोघे एकच हे पटवावे कसे? नातवाचा प्रवेश अशा एका नावापायी अडून बसतो. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. तेथील बांधवांनी त्यापूर्वीच्या कागदांवर जिल्हा भंडाराच असेल, हेही ध्यानात ठेवावे.

यास्तव स्मरणिकेकडे वंशावळ पाठविताना नावे दप्तरात आहेत तशीच, ‘कवडू’ तर ‘कवडू’च, लिहावीत. कोणी पुढे नाव बदलले असल्यास दुसरे नाव कंसात द्यावे. बाळपणी वारलेल्या मुलांची नावे घरातील वृद्ध स्त्रियांस अजून आठवत असतील, तर तीही त्यांस विचारून लिहून घ्यावीत. कवडूच्या आधीची ती भावंडे कोणत्याच कागदावर नाहीत.