पाठपुराव्याअभावी दावा निकाली निघणे (अमेरिकेतील अपंगत्व-लाभ दावे)

दावा दाखल करून वादीने तो पुढे चालवला नाही, तर न्यायालय तो काढून टाकू शकते. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ४१(ब) हा त्याचा आधार. प्रतिवादीने अर्ज केला नसला तरी न्यायालय स्वतःहून असा आदेश देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘लिंक विरुद्ध वॉबॅश रेलरोड’ (१९६२) या खटल्यात मान्य केले. तेथे चूक वकिलाच्या गैरहजेरीची होती. दावा मात्र अशिलाचा गेला.

सामाजिक सुरक्षा प्रशासनाने अपंगत्व-लाभ अंतिमतः नाकारल्याची सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागावी लागते. या दाव्यांत साक्षीपुरावे नव्याने होत नाहीत. प्रशासनाच्या दप्तरावरच निर्णय होतो. २०२२ पासून लागू असलेल्या खास नियमांनुसार प्रशासनाचे उत्तर दाखल झाल्यावर वादीने साधारणपणे ३० दिवसांत लेखी युक्तिवाद द्यायचा असतो. वकील नसलेले, आजारी किंवा पत्ता बदललेले वादी नेमके येथेच अडतात.

न्यायालय सहसा आधी कारणे दाखवा आदेश काढते, विलंबाचे कारण आणि सौम्य उपाय तपासते. दावा काढून टाकणाऱ्या आदेशात वेगळे म्हटले नसेल, तर असा निकाल गुणदोषांवरील निर्णयासारखाच बंधनकारक ठरतो. फेरदाव्याची मुभा ठेवली तरी ६० दिवस उलटलेले असल्याने ती बहुधा कागदावरच राहते. म्हणून हा उपाय कठोरच म्हटला पाहिजे. क्षम्य दुर्लक्षाच्या कारणावरून आदेश रद्द करून घेण्याचा अर्ज वाजवी वेळेत, फार तर वर्षाच्या आत करावा लागतो.