सोसायटी आणि फेज

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात पत्ता सांगताना दोन इंग्रजी शब्द हमखास येतात, सोसायटी आणि फेज. एक लॅटिनमधून आलेला, दुसरा ग्रीकमधून. दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. घर शोधणाऱ्याला मात्र दोघेही भेटतात.

फेजचा मूळ अर्थ दिसणे, प्रकट होणे. इंग्रजीत तो आधी चंद्रकलांसाठी रुळला. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्चीवर चांद शोधणाऱ्या आम्हाला तो खरे तर परका वाटू नये. बिल्डरांनी त्याचा टप्पा केला : थोडे बांधायचे, विकायचे, मग पुढचे. एकेकाळी मिठागरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाईंदरात आज 'फेज तीन' म्हटले की चंद्र कुणालाच आठवत नाही.

सोसायटीची कथा लांबची आहे. लॅटिन 'सोशियस' म्हणजे सोबती. त्यावरून सोसायटी म्हणजे समाज. आमच्या कोकणातल्या 'जमात'च्या जवळचा शब्द, तीही जमा होण्यातूनच आलेली. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर हा शब्द खेड्यांत शिरला तो कर्ज देणारी संस्था म्हणून. शेतकऱ्याच्या तोंडी तो अजून त्याच अर्थाने आहे. शहरात त्याला घर चिकटले. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था निघाली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. म्हणजे सोबती कोण, हे सुरुवातीलाच जातीवरून ठरले. त्यात दुस्वास नसावा. परक्या शहरात आपल्या माणसांची ऊब हवी होती, एवढेच.

महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदत्व खुले ठेवले. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. पण २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. सोबतीचा अर्थ पुन्हा आकसला.

१९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मीरा रोडला आली. पुढे कुटुंबे वाढली, घरे अपुरी पडली. आम्हीही एका सोसायटीच्या कार्यालयात गेलो होतो. आम्ही फेज कोणता, मजला कितवा, हे विचारत होतो. समोरच्या काकांनी आडनाव विचारले. मग चहा मागवला आणि म्हणाले, "आमचं काही नाही हो, सोसायटी देत नाही."

आम्ही उपविधी पाहायला मागितले. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे होती, आणि सेक्रेटरी गावाला गेले होते.