नोव्हिकॉव्ह, अलेक्झांडर अलेक्झांड्रोव्हिच
(19 नोव्हेंबर 1900 – 3 डिसेंबर 1976). दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएट हवाई दलाचे सरसेनापती. जन्म रशियाच्या कोस्ट्रोमा प्रांतातील क्र्यूकोव्हो या खेड्यात, शेतकरी कुटुंबात. 1919 मध्ये ते लाल सेनेत दाखल झाले. 1921 मध्ये क्रोनस्टाटचा उठाव मोडण्याच्या कारवाईत ते सहभागी होते. फ्रुंझे सैनिकी अकादमीतील शिक्षण 1930 मध्ये पूर्ण केल्यावर 1933 मध्ये पायदळातून त्यांची हवाई दलात बदली झाली. फिनलंडविरुद्धच्या हिवाळी युद्धात (1939–40) ते वायव्य आघाडीच्या हवाई दलाचे चीफ ऑफ स्टाफ होते.

जर्मन आक्रमणाच्या वेळी लेनिनग्राड विभागाचे हवाई दल त्यांच्याकडे होते. 25 जून 1941 रोजी त्यांनी फिनलंडमधील विमानतळांवर हल्ले चढवले. त्याच दिवशी फिनलंडने युद्धस्थिती जाहीर केली. एप्रिल 1942 मध्ये ते हवाई दलाचे सरसेनापती झाले. तोवर विमाने निरनिराळ्या भूसेनांमध्ये विखुरलेली असल्याने मोक्याच्या ठिकाणी मोठा मारा करता येत नसे. नोव्हिकॉव्ह यांनी प्रत्येक आघाडीची विमाने एका ‘हवाई सेने’च्या हुकमतीखाली आणली, सर्वोच्च सेनापतित्वाच्या हाती राखीव हवाई कोअर ठेवली आणि जमिनीवरून रेडिओद्वारे विमानांना मार्गदर्शन करण्याची पद्धत रुजवली. स्टालिनग्राड येथे वेढ्यात सापडलेल्या जर्मन सहाव्या सेनेची हवाई रसद तोडण्याचे काम या नव्या रचनेने केले. कुर्स्क, कनिग्सबर्ग व मँचुरिया येथील हवाई कारवायांचा समन्वयही त्यांनी पाहिला.

मार्च 1943 मध्ये हवाई मार्शल आणि फेब्रुवारी 1944 मध्ये मुख्य हवाई मार्शल झालेले ते पहिले अधिकारी होत. 1945 मध्ये ‘सोव्हिएट संघाचा वीर’ हा किताब त्यांना दोनदा मिळाला.

एप्रिल 1946 मध्ये त्यांना अटक झाली. सदोष विमाने हवाई दलात स्वीकारल्याचा आरोप त्यांच्यावर व विमान-उद्योगमंत्री अलेक्सेई शाखूरिन यांच्यावर ठेवण्यात आला. कोठडीत त्यांच्याकडून मार्शल झुकॉव्ह यांच्याविरुद्ध स्टालिनला उद्देशून निवेदन लिहवून घेतले गेले आणि झुकॉव्ह यांची पदावनती करताना ते वापरले गेले. शिक्षा पाच वर्षांची असूनही नोव्हिकॉव्ह यांची सुटका फेब्रुवारी 1952 मध्येच झाली. स्टालिनच्या मृत्यूनंतर 1953 मध्ये ते निर्दोष ठरले व हुद्दा परत मिळाला. पुढे त्यांनी दीर्घ पल्ल्याच्या हवाई दलाचे नेतृत्व केले. 1956 मध्ये लष्करी सेवेतून निवृत्त झाल्यावर ते लेनिनग्राडच्या उच्च नागरी विमानचालन विद्यालयाचे प्रमुख झाले. लेनिनग्राडच्या हवाई युद्धाच्या त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत.

नोव्हिकॉव्ह यांची कीर्ती वैमानिक म्हणून नव्हे, तर संघटक म्हणून आहे. मॉस्को येथे त्यांचे निधन झाले.