बॉलरूम नृत्यपोशाखासाठी कापडाची निवड : एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वेशभूषेच्या इतिहासात पोशाखाच्या आकाराची चर्चा विपुल झाली आहे. त्या मानाने कापडाच्या निवडीकडे कमी लक्ष गेले. वास्तविक नृत्यपोशाखाचे कापड निवडताना त्याचे वजन, गिरकी घेतानाचा घेर, दिव्याच्या प्रकाशातील रंग आणि किंमत अशा अनेक बाबी विचारात घ्याव्या लागत. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये ही निवड कशी घडत गेली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचा आढावा घेतला आहे.

मलमलीकडून टार्लटनकडे :
शतकाच्या आरंभी नृत्यसमारंभात मलमलीचे सरळ, हलके पोशाख रूढ होते. बंगालची, विशेषतः ढाक्याची मलमल यासाठी नावाजलेली होती. पुढे ब्रिटिश गिरण्यांच्या कापडाने तिची बाजारपेठ बळकावली. १८०८-०९ मध्ये जॉन हीथकोट यांनी जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळवले आणि पूर्वी हाताने विणली जाणारी महागडी जाळी तुलनेने स्वस्त झाली. याच सुमारास वॉल्ट्झ नृत्य इंग्लंडमध्ये रुजू लागले. गिरक्यांच्या या नृत्याला हवेत तरंगणारा घेर शोभून दिसे. शतकाच्या मध्यापर्यंत विवाहित स्त्रियांनी रेशीम आणि तरुण अविवाहित मुलींनी ट्यूल किंवा टार्लटन वापरावे, असा संकेत रूढ झाला. टार्लटन म्हणजे विरळ विणीचे, खळ देऊन ताठ केलेले सुती कापड. ते स्वस्त असे. परंतु एकदोन समारंभांतच त्याचा ताठपणा जाई.

आगीचा धोका :
१८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या क्रिनोलाइनचे एकस्व नोंदवले गेले. त्यामुळे घेर इतका वाढला की, त्याची कड शेकोटीला केव्हा लागली हे परिधान करणारीस कळत नसे. विरळ विणीतून आणि घेराच्या खालून हवा खेळत असल्याने ज्वाला क्षणार्धात पसरे. १८७१ साली आयर्लंडमधील मॉनहन परगण्यात एका नृत्यसमारंभात ऑस्कर वाइल्ड यांच्या दोन सावत्र बहिणींचे पोशाख पेटले व दोघींचाही अंत झाला.

यावर उपाय ज्ञात होता. १८५९ च्या सुमारास सोडियम टंग्स्टेटच्या द्रावणाने कापड ज्वालारोधक करण्याची पद्धत सुचवण्यात आली होती. मात्र हे द्रव्य धुलाईत निघून जाई. अन्य प्रक्रियांनी कापड ताठ व निस्तेज होई. पॅरिसची नर्तकी एमा लिव्री हिने याच कारणास्तव प्रक्रिया केलेला घागरा नाकारला. नोव्हेंबर १८६२ मध्ये रंगमंचावरील दिव्याने तिचा घागरा पेटला आणि जुलै १८६३ मध्ये ती मरण पावली. नृत्यातील हलकेपणापुढे सुरक्षितता दुय्यम ठरली, याचे हे बोलके उदाहरण होय.

हिरव्या रंगाचे विष :
तांबे व आर्सेनिक यांच्या संयुगापासून बनणारा पाचूसारखा हिरवा रंग त्या काळी अत्यंत लोकप्रिय होता. तो धाग्यात मुरत नसे. खळीच्या साहाय्याने कापडावर नुसता बसवलेला असे. साहजिकच नाचताना त्याची पूड झडे. एका हिरव्या टार्लटन पोशाखातून एका संध्याकाळी सुमारे ६० ग्रेन, म्हणजे जवळपास ४ ग्रॅम पूड झडते, असा एक अंदाज तत्कालीन चर्चेत मांडला गेला होता. समारंभातील तरुणीचा या पुडीशी संबंध काही तासांचा असे. कारागीर स्त्रियांचा मात्र दिवसभराचा. नोव्हेंबर १८६१ मध्ये लंडनमध्ये मॅटिल्डा शॉरर ही कृत्रिम फुले बनवणारी १९ वर्षांची कामगार मुलगी याच हिरव्या पुडीच्या विषबाधेने मरण पावली. त्यानंतर १८६२ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. हॉफमन यांचा यासंबंधीचा अहवाल 'द टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, १८५६ मध्ये पहिला अ‍ॅनिलीन रंग शोधणारे विल्यम पर्किन हे हॉफमन यांचेच विद्यार्थी होते. १८६० च्या दशकात अ‍ॅनिलीनपासून बनलेला हिरवा रंगही उपलब्ध झाला आणि आर्सेनिकयुक्त रंगाला पर्याय मिळाला.

निष्कर्ष :
विसाव्या शतकात नायलॉनच्या जाळ्या आणि १९५८ मध्ये विकसित झालेला ताणला जाणारा स्पॅन्डेक्स धागा यांनी नृत्यपोशाखाचे स्वरूप बदलले. तरीही हलकेपणा, घेर, रंग व किंमत हे निवडीचे निकष कायम राहिले. वरील विवेचनावरून असे दिसते की, आगीचा धोका नाचणारीने पत्करला, तर रंगाच्या विषाचा मोठा भार कारखान्यातील स्त्रीवर पडला. पोशाखाच्या इतिहासात परिधान करणारीइतकेच स्थान तो घडवणारीलाही मिळणे म्हणूनच आवश्यक ठरते.