सहीचा कागद

मे महिन्याची सुट्टी लागली की धर्मग्रामातील युवक-युवतींच्या सहलींचे बेत सुरू होतात. कधी किल्ला, कधी समुद्रकिनारा, कधी एखाद्या धरणाचा काठ. रविवारच्या मिस्सानंतर मुलगा घरी येतो तो हातात एक कागद घेऊन. कागदाच्या शेवटी ठरलेले वाक्य असते : सहलीत काही बरेवाईट घडल्यास त्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. खाली पालकाची सही. आम्हीही असे कागद सही करून परत पाठविले आहेत आणि, खरे सांगायचे तर, पुष्कळदा न वाचता. या सहीने आपण नेमके काय देऊन टाकतो? आणि जे देतो ते आपले असते, की मुलाचे?

हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. आपल्या देशात त्याची मुळे कलकत्त्याच्या एका सावकारी व्यवहारात सापडतात. १८९५ साली धर्मदास घोष या तरुणाने आपली घरे ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे वीस हजार रुपयांच्या कर्जापोटी गहाण टाकली. सावकाराचे काम पाहणारे वकील केदारनाथ मित्र सावध गृहस्थ होते. आपण सज्ञान असल्याचे लेखी निवेदन त्यांनी धर्मदासकडून सहीनिशी घेऊन ठेवले होते. प्रत्यक्षात धर्मदास अज्ञान होता. न्यायालयाने ज्याचा पालक नेमला आहे अशा मुलास त्या काळी एकविसाव्या वर्षी सज्ञानपण येई, आणि येथे पालक नेमली गेली होती ती त्याची आई. तिला व्यवहाराचा सुगावा लागला. गहाणखत होण्याच्या पाच दिवस आधी, १५ जुलै रोजी, तिने आपल्या वकिलामार्फत मित्रांना पत्र धाडले : मुलगा अज्ञान आहे, जो कोणी त्याला पैसे देईल तो स्वतःच्या जोखमीवर देईल. पत्र पोहोचले, तरीही २० जुलैला गहाणखत झाले.

प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तोवर सावकार निवर्तला होता आणि त्याची विधवा मोहरी बीबी वादात उभी होती. १९०३ साली निकाल लागला : अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य. हाती सहीचा कागद होता, पण तो सावकाराच्या कामी आला नाही. तेव्हापासून आजतागायत आपल्या न्यायालयांत हेच सूत्र चालत आले आहे.

मुलाची सही चालत नाही म्हणूनच सहलीच्या कागदावर आपली मागतात. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे न्यायालयाने नेमलेला पालक मुलाची जमीन किंवा घर न्यायालयाच्या परवानगीवाचून विकू शकत नाही, गहाणही टाकू शकत नाही. मुलाच्या मालकीच्या चार गुंठे वाडीवर कायद्याचा एवढा पहारा. मग मोडलेल्या हातापायाची भरपाई मागण्याचा मुलाचा हक्क, अपघात होण्यापूर्वीच, एका ओळीने कसा सुटावा?

हा युक्तिवाद केवळ आमचा नाही. असे कागद लिहून घेण्याची प्रथा अमेरिकेत फार रुजली आहे, आणि आपल्या समाजातील जी कुटुंबे तिकडे स्थायिक झाली त्यांनाही त्यांवर सह्या कराव्या लागतात. वॉशिंग्टन राज्यात बर्फावरून घसरत जाण्याच्या शर्यतींचे शिक्षण घेणारा बारा वर्षांचा एक मुलगा गंभीर जखमी झाला. आईने प्रवेश-अर्जावर सर्व दावे सोडून दिले होते. १९९२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या सहीने आईवडिलांचा स्वतःचा दावा बुडतो, मुलाचा बुडत नाही. अपघातानंतरची तडजोडसुद्धा पालकाला न्यायालयाच्या संमतीवाचून करता येत नाही, तर अपघाताआधी हक्क सोडण्याचा अधिकार त्याला कोठून येणार?

ओहायो राज्याने मात्र १९९८ साली उलट कौल दिला, आणि तो आमच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. सात वर्षांचा मुलगा फुटबॉलच्या सरावानंतर गोलच्या चौकटीला लोंबकळला. चौकट अंगावर कोसळून त्याच्या बरगड्या मोडल्या. मेंटर सॉकर क्लब ही बिननफ्याची संस्था. शिकविणारे सगळे स्वयंसेवक, बहुधा मुलांचेच आईबाप. अशा माणसांवर दाव्याची तलवार टांगली तर उद्या मुलांना खेळवायला कोणी पुढे येणार नाही, असे न्यायालयाला वाटले. आईने केलेली सही त्याने ग्राह्य धरली. आपल्या युवक संघाचे ताई-दादासुद्धा नोकरी सांभाळून, पदरचे पैसे घालून मुलांना नेतात. त्यामुळे या निकालाला हसण्यावारी नेणे आम्हांस जमत नाही. तरीही चौकट जमिनीत नीट रोवलेली होती की नाही, हा प्रश्न सहीने मिटत नाही, असेच आम्हांस वाटते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली पुन्हा मुलांची बाजू घेतली. पण तेथे प्रतिवादी धंदेवाईक कंपनी होती, स्वयंसेवक नव्हते.

आता आपल्याकडे परत येऊ. २८ मे १९९५ रोजी पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती. १४ मुले पाण्यात बुडून मरण पावली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाच्या आईबापांना पाच लाख रुपये भरपाई देवविली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बरोबर गेलेल्या शिक्षकांचा निष्काळजीपणा हा शाळेचाच निष्काळजीपणा ठरला. आईबापांनी मुलांना खुशीने पाठविले होते हे खरेच. पण सहलीला दिलेली संमती ही हयगयीला दिलेली संमती नव्हे. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि लाइफ जॅकेट सर्वांच्या अंगावर नव्हती. त्या दिवशी किनाऱ्यावर उभे राहून माणसे मोजणारा एक जण हवा होता.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, कागद यावा, पण त्याने आपल्याला काही विचारावे. मुलाला पोहता येते का? दम्याचा त्रास आहे का? कोणते औषध चालत नाही? रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा? आणि त्याने आपल्यालाही सांगावे : पाण्यात उतरणार की नाही, किती मोठी माणसे बरोबर आहेत, भरतीची वेळ कोणी पाहिली आहे. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोळ्याला हे प्रश्न शिकवावे लागत नाहीत; शहरातून येणाऱ्या बसला लागतात.

एक गोष्ट तरुण कार्यकर्त्यांनीही ध्यानात घ्यावी. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाच्या दाव्याची मुदत तो सज्ञान झाल्यावर मोजू लागतात. आज दहा वर्षांच्या मुलासाठी बापाने सही केलेला कागद कपाटात पडून राहील, आणि आठ-दहा वर्षांनी तो मुलगा स्वतः येऊन तो वाचावयास मागू शकेल.